सातवी मूठ

धुळ्याहून पारोळ्याकडे निघालेल्या एसटीत दिपमाला खिडकीशी बसली होती. मांडीवरची कापडी पिशवी तिनं अशी घट्ट धरली होती, की शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, "ताई, काही फुटायसारखं आहे का?" फुटायसारखं काही नव्हतं. पुस्तकं होती. तळहातापेक्षा थोडी मोठी, पातळ, आत नुसते फोटो असलेली. फोटो दिपमालानंच काढलेले, पानं तिनंच शिवलेली. साठ प्रती केल्या होत्या. जळगावात चार-पाच गेल्या, उरलेल्या सगळ्या घेऊन शनिवारी घरी ये, असा तिच्या थोरल्या काकांचा, निंबा नानांचा, निरोप होता. निरोपाची शेपटी जास्त वाईट होती. पुस्तकं आली नाहीत, तर यंदापासून भागाबाईनं कानबाईच्या गव्हाला हात लावायचा नाही.

भागाबाई म्हणजे दिपमालाची आई. आणि कानबाईच्या गव्हाला हात लावायचा नाही म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्यानं खानदेशात एक श्रावण काढावा. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. नारळालाच नथ घालायची, डोळे काढायचे, लुगडं नेसवायचं, आणि घरातली सगळ्यात मोठी बाई म्हणून तिला चौरंगावर बसवायचं. तिच्या प्रसादाचे रोट होतात, आणि त्या रोटांचे गहू पोत्यातून भसाभसा ओतायचे नसतात. कुळात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावानं एकेक सव्वा मूठ. म्हातारा असो की काल बारसं झालेला, मूठ सारखीच. बायकांच्या नावाची मूठ नसते. रोट खायचे तेही कुळातल्यांनीच. लग्न होऊन गेलेली लेक सणाला आली तर तिला पुरणपोळी वाढा, खीर वाढा, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी वाढा, पण रोटाचा तुकडा तिच्या ताटात पडत नाही. ती आता दुसऱ्या कुळाची. हे कुठं लिहिलेलं नाही, म्हणून तर कुणाला खोडता येत नाही.

मोजणारा हात सवाष्णीचा लागतो. नानांची बायको लवकर गेली, तेव्हापासून या घरात तो हात भागाबाईचा. गावात तिचं म्हणून दुसरं काही नव्हतं. शेत नवऱ्याच्या नावावर, घर नानांच्या शब्दावर चालणारं. वर्षातून एकदा सगळं घर तिच्या मुठीसाठी अडून राहायचं, तेवढा मान तिचा. आणि तोच हात तिच्या लेकीनं चव्हाट्यावर आणला होता. आ बैल मला मार म्हणतात ते याला.

दिपमालाचं लग्न अकरा वर्षांपूर्वी झालं. नवरा हेमकांत, धुळ्याच्या आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नाआधी तिनं कॅमेरा हातात धरला नव्हता. पण पहिल्याच लगीनसराईत नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला कुणी घेईना, तेव्हा हेमकांतनं कॅमेरा बायकोच्या गळ्यात अडकवला आणि आत ढकललं. तिथून जी आत गेली ती गेलीच. हळद, मांडव, पाठवणी. सहा-सात वर्षांत धुळे-शिरपूर पट्ट्यात लोक लग्नाची तारीख धरताना विचारू लागले, "ताई मोकळ्या शेतस ना?" पाठवणीच्या वेळच्या आईचा फोटो तिच्यासारखा कुणी काढत नाही, असा बोलबाला. तोंडं सगळ्यांचीच रडवेली असतात, ती म्हणायची, मी हातांकडे बघते.

मग दोन वर्षांपूर्वी जळगावात फोटोग्राफरांची कार्यशाळा होती, तिला हेमकांतनंच पाठवलं. नवीन लाइटिंग शिकून येईल असं त्याच्या मनात. तिथं बाहेरगावची एक फोटोग्राफर बाई आली होती, तिनं बॅगेतून पंचवीस-तीस चिमुकली पुस्तकं काढून टेबलावर पसरली. एकात नुसती बंद दुकानांची शटरं. एकात कुणीतरी आपल्या वडिलांच्या चपला वर्षभर काढलेल्या, दारातल्या, पलंगाखालच्या, दवाखान्याबाहेरच्या, आणि शेवटच्या पानावर चपलांशिवाय दार. खाली नाव नाही, गाव नाही, शुभविवाह नाही, सोनेरी वेलबुट्टी नाही. दिपमाला लग्नाचे जे अल्बम करायची ते पाटासारखे जड, उचलायला दोन माणसं लागायची आणि बघितले जायचे एकदाच. हे चपलांचं पुस्तक तिनं जेवणाच्या सुट्टीतही खाली ठेवलं नाही. घरी परत आल्यावर हेमकांतनं विचारलं, काय शिकलीस? ती म्हणाली, "मला एक पुस्तक करायचंय. मायच्या हातांचं." हेमकांत चांगला माणूस, त्यानं फक्त डोकं खाजवलं.

फोटो तिनं गेल्या श्रावणात काढले. नानांनी परवानगी दिली ती लग्नासारखा अल्बम होईल या भरवशावर. भागाबाईचे हात नारळाला नथ घालताना, गंगाफळ चिरताना, चौरंग पुसताना. आणि गव्हाच्या दिवशी आतल्या खोलीत एकटीनं, जमिनीवर पांढरं धोतर अंथरून मूठ मूठ गहू मांडताना. या घराची रीत अशी, की प्रत्येकाची मूठ आधी वेगळी मांडायची आणि मग धोतराची टोकं धरून सगळं एक करायचं. घरात पुरुष सहा. निंबा नाना, दिपमालाचे वडील आत्मारामआबा, नानांचा मुलगा रुपचंद, रुपचंदची दोन पोरं, आणि दिपमालाचा धाकटा भाऊ योगेंद्र. सहा ढीग झाले. भागाबाईचा हात सातव्यांदा परातीत गेला.

"माय, सात व्हयनात," दिपमाला कॅमेऱ्यामागून म्हणाली.

"व्हवू दे."

"कोनी शे?"

भागाबाईनं वर पाहिलं नाही. गव्हातला खडा काढल्यासारखं करत म्हणाली, "तुनी. लगीन करी दिधं म्हनीसन मना पोटनी नही राहिनी का तू? दर साल टाकस."

 अकरा वर्षं दिपमाला सणाला आली होती, खीर खाऊन गेली होती, रोटाच्या ताटाकडे बघायचं नाही हे तिला सवयीचं झालं होतं. आणि त्या रोटात अकरा वर्षं तिची मूठ होती. तिच्या नावचं पीठ घरातल्या पुरुषांनी दरसाल मिटक्या मारत खाल्लं होतं आणि कुणाचं पोट दुखलं नव्हतं. तिला रडायला आलं, हसायलाही आलं. मग तिनं श्वास धरून तो फोटो काढला. धोतर, सात ढीग, आणि सातव्यावर अजून टेकलेली आईची बोटं.

पुस्तकाच्या बरोब्बर मध्यावर तिनं तोच फोटो घातला. डाव्या पानावर तीन ढीग, उजव्यावर चार, मधून शिवणीचा दोरा. खाली शब्द नाही. जळगावच्या ज्या अभयकुमारच्या प्रेसमध्ये पानं छापली, तो बिचारा म्हणाला, "ताई, खाली काहीतरी टाका, लोकांना कळणार कसं?" ती म्हणाली, कळलं नाही तरी चालेल. खरं तर तिला पूर्ण भरवसा होता की कुणाला कळणारच नाही. बघणारे उजेड बघतील, धोतराच्या चुण्या बघतील, म्हाताऱ्या बोटांवरच्या रेषा बघतील. आणि जळगावच्या छोट्या पुस्तकांच्या मेळ्यात लोकांनी नेमकं तेच बघितलं. पुण्याचा एक मुलगा तर त्या पानावर इतका वेळ थांबला, की तिला वाटलं आपण जिंकलो.

पण मेळ्यात रुपचंदही आला. जळगावात पाइपच्या कारखान्यात तो सुपरवायझर, बायकोला घेऊन मोठ्या कौतुकानं आला. टेबलापाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आमनी बहीण शे. आमनाच घरना फोटो शेतस." पानं उलटत तो मध्यावर आला. आणि भावकीतला माणूस गव्हाचे ढीग बघतो तेव्हा तो उजेड बघत नाही हो, तो मोजतो! लहानपणापासून त्याला तेवढंच शिकवलेलं असतं. रुपचंदनं बोट ठेवून मोजले. परत मोजले. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. चहा अर्धा टाकून, एक प्रत शर्टाच्या खिशात घालून तो निघून गेला, आणि दिपमालाला तेव्हाच कळलं की आपण काय करून बसलो.

रुपचंदला नुसता दुष्ट म्हणून मोकळं होता येत नाही. गेल्या दिवाळीनंतर त्याचा थोरला पोरगा पारोळ्याच्या हायवेवर गाडीवरून पडला. पायात रॉड आहे, अजून कुबडीशिवाय चालत नाही. डॉक्टर म्हणतात जाईल बरा, पण बापाला डॉक्टरचं म्हणणं पुरत नाही. आपल्याच पोराला का, हे त्याला हवं असतं. महिनोन् महिने तो ते शोधत होता आणि आता ते त्याच्या हाती लागलं. ज्या वर्षी कानबाईच्या गव्हात एक मूठ चुकीची पडली, त्याच वर्षी पोराचं हाड मोडलं. त्यानं पुस्तक नेऊन नानांपुढे टाकलं.

शुक्रवारी हेमकांत म्हणाला, "मधलं पान कापून टाक. विषय संपला." तिनं एका प्रतीवर करून पाहिलं. ब्लेडनं मधला दोरा कापला आणि पुस्तकाची सगळी पानं सुटी होऊन मांडीवर पडली, कारण सगळी त्याच दोऱ्यावर होती. ती मुकाट्यानं परत शिवायला बसली. मग आईला फोन केला. भागाबाई एवढंच बोलली, "तू ये. पुस्तकं लई ये. तठे तू बोलू नको." आवाज इतका सपाट होता, की दिपमालाची पाचावर धारण बसली.

पारोळ्याला उतरून रिक्षानं ती बोरी नदीकाठच्या गावात आली तेव्हा ऊन चढलं होतं. घर सणाचं सारवून-रंगवून चकचकीत केलेलं. ओसरीवर खाटेवर निंबा नाना, ऐंशीकडे झुकलेले, पांढरी टोपी, हातात चष्मा. खांबाला टेकून रुपचंद. भिंतीशी पोराची कुबडी. पायरीवर आबा, दिपमालाचे वडील, आपल्याच अंगठ्याकडे बघत बसलेले. आयुष्यभर थोरल्या भावापुढे त्यांनी तोंड उघडलं नव्हतं आणि आज उघडतील असं लक्षण नव्हतं. भागाबाई कुठं दिसेना. मग दिपमालाला आतल्या दाराच्या चौकटीवर तिचा हात दिसला. पदर ओढून ती दाराआड उभी होती.

हेही सांगायला हवं. नाना म्हणजे भागाबाईचे जेठ, थोरले दीर. या घरात जेठाशी सून बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून भागाबाईनं नानांना एक शब्द थेट विचारला नव्हता की सांगितला नव्हता. भाकरी हवी का, हेसुद्धा पोराला मध्ये घालून. नानांचंही तसंच. त्यामुळे आज भागाबाई पाच हातांवर उभी असताना नाना म्हणाले, "रुपचंद, इचार तुनी काकूले. हाई सातवी मूठ कोनी शे?"

रुपचंदनं जसंच्या तसं परत विचारलं. 

"नाना," दिपमालाला राहवलं नाही, "फोटो मी काढेल शे. चुकी मनी शे. मायनी काही..."

"तुले नही इचारं," नाना म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी ती गप्प झाली. पिशवी तिनं खाटेच्या पायाशी ठेवली. पुस्तकं बाहेर सरकली, रुपचंदनं त्यातलं एक उचललं आणि मध्यावर उघडून दाराकडे धरलं, कोर्टात पुरावा दाखवावा तसं.

"बोल ना काकू! कोनी मूठ टाकी तू? मना पोरनं हाड मोडं ते कोना करता?" शेवटचे शब्द तो पोराच्या कुबडीकडे बघत बोलला, आणि म्हणून ते जास्त लागले. आबांनी मान आणखी खाली घातली. दिपमालाला पुढचं दिसलं. आता माय म्हणेल, माझ्या लेकीची. आणि मग संपलं. नाना उठतील, धोतर-परात रुपचंदच्या बायकोच्या हाती देतील, आणि माय उरलेलं आयुष्य सणाच्या दिवशी चुलीपाशी बसून काढेल. पुस्तकं नदीत जातील ती वेगळीच, पण पुस्तकांचं आता तिला काही वाटेना.

चौकटीवरचा हात सुटला. भागाबाई उंबरा ओलांडून ओसरीवर आली. पदर कपाळापर्यंत, नजर जमिनीला, पण तोंड नानांकडे.

"पुनानी," ती म्हणाली.

 ती जेठाशी बोलली याचा धक्का मोठा, की तिनं जे नाव घेतलं त्याचा, हे कुणालाच ठरवता येईना.

पुना हा नानांचा सगळ्यात धाकटा भाऊ. वीस वर्षांपूर्वी त्यानं दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न करायचं म्हटलं, तेव्हा याच ओसरीवर नानांनी त्याच्या कानाखाली मारली. पुना त्याच दिवशी हायवेवरून मिळेल त्या ट्रकनं सुरतेला गेला. दोन वर्षं कुणाकुणाच्या तोंडून खबर यायची, मग तीही बंद झाली. तिसऱ्या श्रावणात नानांनी सांगितलं, त्याचं नाव घेऊ नका, त्याची मूठ टाकू नका. तेव्हापासून घरात त्याचं नाव उच्चारलं गेलं नव्हतं.

"तुमी सांगं, नाव घेवू नका," भागाबाई म्हणाली.  "मी नाव नही घिधं. मूठ टाकी."

नानांनी रुपचंदच्या हातातून पुस्तक घेतलं. चष्मा धोतराला पुसून डोळ्यावर चढवला. पान डोळ्यांजवळ नेलं. मग सातव्या ढिगावर बोट ठेवून विचारलं, "हाई का?" थेट तिला.

"हाई."

म्हातारा रडला. कसलाही आडपडदा न ठेवता, पुस्तक छातीशी धरून, टोपी घसरली तरी न सावरता. "जित्ता शे का रे तो," तो कुणाकडेही न बघता विचारत राहिला. आबा पायरीवरून उठून भावाशेजारी बसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रुपचंद बघतच राहिला. ज्या रागावर तो उभा होता ती जमीनच कुणीतरी काढून घेतली होती. पुना पुरुष. पुना कुळाचा. मूठ चुकीची नव्हतीच, उलट इतकी वर्षं ती न टाकायला सांगणं हेच कदाचित पाप होतं, आणि ते सांगणारा त्याचा स्वतःचा बाप होता. त्यानं कुबडी उगाचच उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली.

थोड्या वेळानं नानांनी डोळे पुसले. "पोरी, पेन शे का? याना खाले लिख. पुनानी मूठ. दरेक पुस्तकमा लिख. मंग नेवाले हरकत नही, जळगाव ने, मुंबई ने." आणि मग रुपचंदकडे न बघता, "फक्त यंदा फोटो नको."

आई वाचली होती. पुस्तकं वाचली होती. दिपमालानं पायाशी पडून देवीला नारळ बोलायला हवा होता. त्याऐवजी तिला असं वाटत होतं, की कुणीतरी भर बाजारात आपल्या अंगावरचं ओढून नेलं. तिनं पेन काढलं, पहिल्या प्रतीत मधल्या पानाखाली 'पुनाची मूठ' असं लिहिलं, आणि दुसऱ्या प्रतीला हात लावायच्या आत उठून आत गेली.

भागाबाई परात पुसत होती.

"ती मनी व्हती ना, माय?"

"व्हती."

"मंग?"

"मंग काय?" भागाबाईनं परात खाली ठेवली. आता मात्र तिचे डोळे भरून आले होते. "तुनं नाव लिसू का त्यासना सामने? आज माले गहूले हात लावू देतात का? मना हात गया, ते तुनी मूठ कोन टाकी? रुपचंदनी बायको टाकी का?"

दिपमालाला हे समजत होतं. समजत होतं म्हणून कमी दुखत नव्हतं. "मी ते पुस्तक तेवढ्या एका फोटोसाठी केलं," ती म्हणाली, आणि ती अहिराणी सोडून शहरी मराठीत बोलली हे दोघींच्याही लक्षात आलं. "लिहून द्यायचं आता पन्नास-पंचावन्न वेळा. दुसऱ्याची म्हणून."

"लिख," भागाबाई म्हणाली. "त्या म्हातारानं त्वांड दखं का तू?" एवढं बोलून तिनं धोतर झटकलं आणि अंथरलं. बाहेरून नानांची हाक आली, गहू मोजायला घ्या.

यंदा नावं नाना स्वतः पुकारणार होते. ते दाराच्या आत भिंतीला टेकून बसले, शेजारी आबा. रुपचंद उभा. योगेंद्र आणि रुपचंदची पोरं दाटीवाटीनं. दिपमाला दारातच थांबली, कॅमेरा पिशवीत. तिला आत बसायचा हक्क होता की नाही हे तिनं कुणाला विचारलं नाही. तिचा जीव अजून ठिकाणावर आला नव्हता.

"निंबा," नाना स्वतःचं नाव घेताना जरा लाजले. एक मूठ, वर पाव मूठ. "आत्माराम." मूठ, पाव मूठ. रुपचंद. त्याचा थोरला, त्या नावाला रुपचंदनं डोळे मिटून हात जोडले. धाकटा. योगेंद्र. सहा ढीग झाले, आणि नाना थांबले. 

"पुना," ते म्हणाले.

भागाबाईनं मूठ टाकली. गहू धोतरावर पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. वर पाव मूठ.

"सात व्हयनात," नाना म्हणाले आणि उठायला त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले.

भागाबाईचा हात परत परातीत गेला.

घाई नाही, लपवाछपवी नाही. भरलेली मूठ तिनं सगळ्यांच्या देखत बाहेर आणली आणि पुनाच्या ढिगाशेजारी सोडली. मग पाव मूठ. मग बोटं त्या ढिगावर तशीच टेकून ती बसून राहिली.  आता घ्यायला दुसऱ्या कुणाचं नाव शिल्लक नव्हतं. काय करतेस माय, असं ओरडावंसं दिपमालाला वाटलं.

"काकू," रुपचंद म्हणाला. "आठ व्हयनात."

 भागाबाईनं बोटं उचलली नाहीत.

"नाना, दखा ना. आठ शेतस."

नानांनी धोतराकडे बघितलं. मग भागाबाईच्या बोटांकडे. मग त्यांनी मान वळवून दाराकडे बघितलं, आणि दारात उभ्या असलेल्या पुतणीवर त्यांची नजर थांबली. रडून लाल झालेले ते म्हातारे डोळे तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले, की तिनं चौकट धरली.

"सातच शेतस," नाना म्हणाले. "मी मोजेल शेतस."

"पन नाना..."

"मी मोजेल शेतस ना?" त्यांनी वाकून धोतराची दोन टोकं स्वतः धरली, दोन भागाबाईपुढे केली. टोकं वर आली, ढीग घसरले आणि सगळे गहू एक झाले. "जा, दळाले लई जा. चक्की धोयेल शे."

रुपचंदनं धोतराला गाठ मारली. मग त्यानं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि तो निघाला.

दिपमाला ओसरीवर येऊन बसली. यंदा तिची मूठ सगळ्यांच्या देखत गव्हात गेली होती. मग तिनं पुस्तकांची चळत जवळ ओढली, दुसरी प्रत मध्यावर उघडली, सातव्या ढिगाखाली नीट अक्षरात 'पुनाची मूठ' असं लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि तिसरी घेतली.